घडवंची हलवू नये

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, धंदा लाँड्रीचा, कळायला लागल्यापासून राहणार याच घरात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दम दिलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोट ठिकाणावर नाही, त्याचे कागद वेगळे आहेत. पुढचा उन्हाळा धरू नका, असं मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वकिलांनी सांगितलं होतं, "बाई, थोडक्यात लिहा. काय आहे आणि कोणाला द्यायचं, एवढंच." मीही तसंच लिहिणार होते. पण एखादी वस्तू लिहायला घेतली की ती कोणाची होती तेही लिहावं लागतं. नाही लिहिलं तर माझ्यामागे ते कोणालाच ठाऊक नसेल. तेव्हा वकीलसाहेबांनी माफ करावं. कागद माझा आहे.

कलम १. माझी माणसं

मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला आमच्या आईने लहानपणी तिच्या आईवडिलांकडे आणून सोडलं आणि ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. तिथे तिचा दुसरा संसार झाला. आम्हाला वाढवलं ते आजोबांनी आणि आजीने. आजी कपडे धुवायची, आजोबा इस्त्री करायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, दोन्हींच्या मध्ये बोळासारखी अरुंद वाट, आणि परसात वाळत घालायच्या दोऱ्या. सगळं आयुष्य या एवढ्यात गेलं आणि कधी कमी पडलं असं वाटलं नाही.

माझा नवरा लवकर गेला. एकच मुलगी होती, तीही तापाने गेली आणि जाताना माझ्या पदरात तान्हं पोर टाकून गेली. ती माझी नात. आता नऊ वर्षांची आहे. पाय फुटल्यापासून घरभर गरगर फिरायची म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ती मला नानी म्हणते.

भिंगरी आता गरगर फिरत नाही. भिंतीला हात लावून चालते. तिची नजर जाते आहे. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. नळीतून पाहिल्यासारखं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ती नळी वर्षागणिक अरुंद होत जाऊन शेवटी बुजणार. माझ्या आजोबांना हेच झालं होतं. रक्तातून आलं म्हणतात. मला नाही, माझ्या मुलीला नाही, नेमकं हिलाच गाठलं. मी डॉक्टरांना विचारलं, "माझे डोळे काढून हिला बसवता येतील का? नाहीतरी मला आता कशाला लागतात?"

ते म्हणाले, "हे तसं नसतं हो."

मग कसं असतं, हे विचारायचं बळ मला राहिलं नाही.

कलम २. जावई

भिंगरीचा बाप बोटीवर काम करतो. त्याने दुसरं लग्न केलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं दुखणं कळल्यावर मी त्याला फोन केला.

तो म्हणाला, "आई, मी वर्षातले दहा महिने पाण्यावर असतो. आंधळ्या मुलीचं मी काय करणार?"

"ती अजून आंधळी नाही."

"होणारच आहे ना? तिला कुठल्यातरी वसतिगृहात घाला. मी नाही म्हणणार नाही."

मुलीच्या ताब्यावर आपला हक्क नाही, असं त्याने लगेच लिहून पाठवलं. या माणसाने आयुष्यात वेळेवर केलेलं हे एकच काम. माझ्या घरातली फुटकी बशीसुद्धा त्याला देण्यात येऊ नये. लग्नात त्याच्या सुटाला मी माझ्या हाताने इस्त्री केली होती, याची हळहळ मला आजही वाटते.

कलम ३. घर आणि त्यातल्या वस्तू
(हे कलम रद्द समजावं. कारण कलम ६ मध्ये दिलं आहे. समासात माझी सही आहे.)

माझं राहतं घर, दुकान आणि आतली प्रत्येक वस्तू माझी नात भिंगरी हिला द्यावी. जो कोणी तिला सांभाळेल त्याने या घरात येऊन राहावं. अट अशी की खाली लिहिलेल्या वस्तू आज जिथे आहेत तिथून बोटभरही सरकवू नयेत. हा म्हातारीचा हट्ट नाही. पोरीचे पाय या वस्तूंवर चालतात.

इस्त्रीचं टेबल. दुकानात मधोमध, दाराकडे तोंड करून. आजोबांनी जुन्या फळ्या जोडून केलेलं. त्याचा डावा कोपरा गुळगुळीत गोल झाला आहे. कोणी रंधा मारलेला नाही, आजोबांची कंबर आयुष्यभर तिथे टेकत होती. भिंगरी हाच कोपरा पकडून आतल्या वाटेकडे वळते.

कोळशाची इस्त्री. आता वीज आहे, पण ही मी दार उघडं धरायला ठेवली आहे. झाकणाच्या खिट्टीवर पितळेचा कोंबडा आहे. नजर गेल्यावरही आजोबा याच इस्त्रीने काम करत. ओलं बोट तळाला लावायचे आणि आवाज ऐकायचे. "ही अजून कुरकुरतेय," म्हणायचे, म्हणजे थांबायचं. "आता हसली," म्हणायचे, म्हणजे सदरा घ्यायचा. त्यांच्या हातून कपडा जळलेला मला आठवत नाही. माझ्या हातून जळले, ते आजीने पदरचे भरून दिले आणि वर मला गिऱ्हाइकासमोर कधी बोलली नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र बोलायची, आणि पोटभर बोलायची.

तांब्याचा बंब. स्वयंपाकघरात शिरताना उजवीकडे. आजोबा सांगायचे, "आपल्या घराची उजवी बाजू गरम आहे." भिंगरीला मी तेच शिकवलं. उजव्या गालाला ऊब लागली की समोर दोन पावलांवर ओटा.

आजीचा बटणांचा डबा. फडताळात खालच्या फळीवर. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गळलेली बटणं आजी यात टाकायची आणि बेरीज शिकवायला आम्हा बहिणींपुढे ओतायची. हाडाची बटणं थंड लागतात, लाकडाची लागत नाहीत.

परसातली दोरी, भिंतीजवळची. आजोबांना दिसेनासं झालं तेव्हा आजीने ही दोरी नेहमीपेक्षा खाली बांधली आणि तिच्यावर पुन्हा कधी एक रुमालही वाळत घातला नाही. आजोबा तिला धरून संडासापर्यंत एकटे जायचे. पावसाळ्यात कपडे वाळायला जागा नसायची, घरात माणसाला वाकून चालावं लागायचं, पण ती दोरी मोकळी. मी एकदा ओलं फडकं टाकलं तर आजी म्हणाली, "तो तुझ्या आजोबांचा रस्ता आहे, मोठे. रस्त्यात कपडे टाकतात का?" त्या दोघांना मी एकमेकांशी गोड बोलताना पाहिलं नाही. ही दोरी पाहिली आहे.

घडवंची. पाण्याचे हंडे ठेवायची लाकडी तिवई. वाटेच्या तोंडाशी, डाव्या भिंतीला चिकटून. हिच्याबद्दल कलम ४ मध्ये लिहिते.

कलम ४. धाकटी

आजी गेल्यावर घरात आजोबा आणि मी, दोघेच उरलो. नवरा गेला होता, मुलगी सासरी होती. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी सुखात होती. आजीच्या मागे ती आठ-पंधरा दिवस राहायला आली. हॉटेलातल्या चादरींचे गठ्ठे पोचवायला मी बाहेर पडले आणि मला यायला दुपार झाली. तेवढ्यात तिने घर आवरलं.

टेबल भिंतीला लावलं, म्हणजे खोली मोठी दिसते. आजोबांची वेताची खुर्ची भंगारवाल्याला दिली, कारण वेत सुटला होता, आणि तिथे स्वतःच्या खर्चाने नवी आणून ठेवली. घडवंची डावीकडची उजवीकडे केली, कारण नळ उजवीकडे आहे. आजोबा तेव्हा झोपले होते.

ते उठले आणि रोजच्यासारखे निघाले. टेबलाचा कोपरा हाताला लागला नाही. ते तसेच पुढे गेले, डावीकडे घडवंची असेल म्हणून उजवीकडून गेले, आणि हंड्यांसकट पडले. खुब्याचं हाड मोडलं.

मी गठ्ठे पोचवून आले तेव्हा ते पाण्यात पडलेले होते आणि धाकटी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. मला पाहून पहिलं वाक्य म्हणाली, "ताई, मी चांगल्यासाठीच केलं गं."

त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. मी सगळं पुन्हा होतं तसं लावलं, पण चालायलाच उठत नाहीत त्यांना ते कसं कळणार? हात पसरून हवेत चाचपायचे. म्हणायचे, "मोठे, माझं घर कुठे गेलं?" मी म्हणायचे, "इथेच आहे, आजोबा." ते म्हणायचे, "नाही गं. हे कोणाचं तरी दुसऱ्याचं आहे. आपण निघू या, आजी वाट बघत असेल." स्वतःच्या घरात, स्वतःच्या छपराखाली, पाहुण्यासारखे संकोचून गेले. पाणीसुद्धा मागताना "तसदी देतो" म्हणायचे. कोणाला, तर मला.

त्यांना स्मशानात पोचवून आल्यावर मी धाकटीला सांगितलं, "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." तिने ठेवला नाही. माझी मुलगी गेली तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत येऊन परत गेली, असं बेकरीवाल्याने सांगितलं. मी ऐकून घेतलं.

कलम ५. पालक कोण

हे कलम लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. रोज कागद घेऊन बसते आणि जागा मोकळीच राहते. शेजारी चांगले आहेत, पण त्यांच्या घरात त्यांचीच पोरं मावत नाहीत. डॉक्टरीणबाई भिंगरीवर जीव लावतात, त्यांची बदली होणार. वसतिगृह पाहून आले. स्वच्छ होतं. ओळीने खाटा होत्या, आणि एक मुलगी मला हात लावून विचारत होती, "तुम्ही कोणाच्या?" मी तिथून पळत सुटले म्हणा ना, या पोटाने जेवढं पळवतं तेवढं.

रात्रंदिवस एकच विचार. मी मेले की ही कोणाच्या हाताला धरणार? देवाला, डॉक्टरांना, बेकरीवाल्याला, सगळ्यांना विचारून झालं. सख्खं म्हणावं असं एकच माणूस उरतं, आणि ते म्हणजे धाकटी.

मी निरोप पाठवला. ती दुसऱ्याच दिवशी आली. केस पांढरे झालेत. दारात थांबली, आत येईना. तेवढ्यात भिंगरी आतून आली. बोटांची उलटी बाजू भिंतीला लावत, मान जराशी तिरकी करून, टेबलाचा कोपरा धरला आणि विचारलं, "कोण आहे?"

धाकटी उंबऱ्यावरच खाली बसली. म्हणाली, "ताई, हे तर आजोबाच आले."

मी म्हटलं, "तिला सांभाळशील का, एवढंच सांग. इथे येऊन राहायचं आणि काही म्हणजे काही हलवायचं नाही. शपथ घे."

तिने भिंगरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांभाळीन. पण इथे नाही जमणार. यांचं अर्धं अंग गेलंय, त्यांना सोडून मी कशी येऊ? हिला मी माझ्याकडे नेईन. आमच्या गावात अशा मुलांची शाळा आहे. काठी घेऊन चालायला शिकवतात."

"काठी? आजोबांनी जन्मात काठी धरली नाही."

"कारण ते या दाराबाहेर पडलेच नाहीत, ताई."

मी तिला ऊठ म्हणाले आणि जा म्हणाले. ती गेली. मी कलम ३ वर दुसऱ्यांदा सही केली आणि पालकाची जागा मोकळीच ठेवली.

कलम ६. कलम ३ का रद्द केलं

त्याच आठवड्यात दुपारी इस्त्री करता करता माझ्या पोटात असा काही पीळ पडला की मी टेबलाखाली कोसळले. तोंडातून शब्द निघेना. भिंगरी जवळच होती, तिने माझा चेहरा चाचपला. मी कसंबसं म्हटलं, "बेकरीवाला."

ती एकटी कधी रस्त्यावर गेलेली नव्हती. मी जाऊच दिलेलं नव्हतं. मी जमिनीवर पडून ऐकत होते. दार वाजलं. मग सायकलची घंटी, काहीतरी धडपडल्याचा आवाज, आणि एक माणूस खेकसला, "दिसत नाही का गं?"

आणि माझी पोर त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली, "नाही दिसत!"

मग काहीच ऐकू आलं नाही. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. मुलगी गेली तेव्हाही नाही, कारण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी टेबलाचा पाय धरून उठायला बघत होते आणि उठता येत नव्हतं. ज्या घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती, त्या घरात मी जमिनीवर पडले होते, आणि पोर बाहेर होती, जिथे कशालाच ठरलेली जागा नाही.

बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. त्याच्या मागून भिंगरी. दोन्ही गुडघे सोललेले. रडत नव्हती. म्हणाली, "नानी, मी पडले, उठले, परत पडले. मग मला पावाचा वास आला. वासाच्या मागे मागे गेले."

दवाखान्यात मला सलाइन लावलेलं असताना ती खाटेशी बसून बडबडत होती. रस्ता किती रुंद आहे, सायकल कशी बाजूने वाजत येते, बेकरीच्या पायरीला कसा तडा आहे. मी इतक्या दिवसांत तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "भिंगरी, तुला आपलं घर आवडतं ना?"

"आवडतं."

"आजोबांच्या सगळ्या वस्तू मी तुझ्यासाठी होत्या तशाच ठेवल्यात."

ती म्हणाली, "पण नानी, मी आजोबांना कुठे पाहिलंय? ते तर तुला आठवतात."

बोलली ते खरं आहे. टेबलाचा कोपरा तिच्या लेखी कोपरा आहे. त्यात कंबर दिसते ती मला. मी गेले की आजोबा आणि आजी दुसऱ्यांदा जातील, आणि या वेळी कोणी रडणारही नाही. हे मला सहन होत नाही. पण माझ्या न सोसण्यासाठी नऊ वर्षांच्या पोरीला दोन खोल्यांत पुरून ठेवता येणार नाही. म्हणून कलम ३ रद्द. वकील म्हणाले, ते पान फाडून नवीन लिहा. मी फाडणार नाही. रद्द असलं तरी कोणाला तरी वाचता येऊ द्या.

कलम ७. आता ठरलं ते

मी धाकटीला पुन्हा बोलावलं. ती पुन्हा आली. आल्या आल्या भिंगरीने तिला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

"मावशीआजी, तुमचं दार आत उघडतं की बाहेर?"

"आत. नाही, थांब, बाहेर."

"मोरी कुठे आहे? वाटेत काय काय आहे?"

धाकटी सांगायला लागली आणि अडखळली. जन्म काढला त्या घरात, आणि कपाट दाराच्या अलीकडे की पलीकडे ते तिला सांगता येईना. भिंगरी म्हणाली, "नीट बघून या, मग सांगा."

ती गेली आणि चार दिवसांनी परत आली ती कपाळावर टेंगूळ घेऊन. डोळ्यांना फडकं बांधून घरभर फिरली होती. मोरीच्या चौकटीवर आपटली. यजमान अंथरुणातून म्हणत होते, हिला वेड लागलं. मग तिने भिंगरीला दारापासून परसापर्यंत सगळं घर सांगितलं, आणि भिंगरी मान तिरकी करून ऐकत राहिली. मी टेबलाशी उभी होते. तिथून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

तेव्हा माझी अंतिम इच्छा अशी:

माझी नात भिंगरी हिचा सांभाळ माझी धाकटी बहीण हिने करावा. घर आणि दुकान भिंगरीचंच. ती सज्ञान होईपर्यंत धाकटीने ते भाड्याने द्यावं किंवा विकावं, आणि जे येईल ते पोरीच्या शिक्षणाला लावावं.

इस्त्रीचं टेबल बेकरीवाल्याला. त्याला पीठ मळायला फळी हवीच आहे. कंबर टेकायचा कोपरा त्याने आपल्या बाजूला घ्यावा. बंब कोणीही न्यावा, पण वितळवणाऱ्याला देऊ नये. कोळशाची इस्त्री धाकटीला. तिलाही आजोबांनी कोंबडा उघडायला शिकवलं होतं, हे मी नाकारत नाही. दोरी सोडून टाकावी. घडवंची जाळावी. ती मला कोणाच्याच घरात नको.

भिंगरीने स्वतःसाठी काय निवडलं ते लिहिते, म्हणजे नंतर वाद नको. बटणांचा डबा तिला नको, "तिकडेही बटणं असतील" म्हणाली. तिने कपड्यांवर पाणी शिंपडायची पितळी झारी घेतली, मांजरांवर उडवायला.

धाकटे, हे तुझ्यासाठी. मी तुला माफ केलेलं नाही. मरताना माणूस सगळं माफ करतो म्हणतात, मी वाट पाहिली, मला तसं काही झालं नाही. आजोबांचे ते हवेत चाचपणारे हात अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. तरीही माझ्याकडे होतं नव्हतं ते मी तुझ्या हवाली करते आहे. यातून तुला काय समजायचं ते समज.

मला मरायचं नाही. हे इच्छापत्र आहे म्हणतात, म्हणून इच्छा लिहिली. ही काही कोणाला देता येत नाही.

आणि एक विनंती. अट नाही. मी तुला कधी विनंती केलेली नाही, म्हणून ऐक. मी गेल्यावर ती विचारेल, नानी कुठे आहे. तेव्हा तिला नानी झोपली, नानी गावाला गेली, नानी देवाघरी गेली, असलं काही सांगू नकोस. ती ऐकलेल्या जागेवर पाऊल टाकते. मेली, असंच सांग. आणि सांगताना तिचा हात धरलेला असू दे.

वर लिहिलेलं सगळं मी दोन्ही साक्षीदारांसमोर स्वतः वाचून दाखवलं. वाचताना मध्ये थांबले ते पोटामुळे, शंकेमुळे नाही. त्यांच्यासमोर मी सही केली, आणि माझ्यासमोर त्यांनी.

लिहून ठेवणार: लाँड्रीवाली (सही)

साक्षीदार पहिल्या: मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा बेकरीवाला (सही, कागदाला पीठ लागलं आहे, ते त्याच्या हाताचं)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली

दिनांक: १९ जानेवारी, सोमवार